पोलिसांच्या गाड्या शोधत राहिल्या आणि २२ वर्षांच्या उषा मेहतांचा रेडिओ रोज संध्याकाळी बोलत राहिला

नगर-मनमाड रस्त्यावर प्रवरेच्या काठी वसलेलं गाव म्हणजे कोल्हार. इथून हाच रस्ता धरून दक्षिणेला गेलं की अहिल्यानगर, म्हणजे आपलं जुनं अहमदनगर येतं. आणि तिथे आहे तो प्रसिद्ध भुईकोट किल्ला.

ऑगस्ट १९४२ मध्ये या किल्ल्यात जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीचे नेते कैदेत होते. पण हे नेते नेमके कुठे ठेवलेत, हे सरकारने सुरुवातीला लपवून ठेवलं होतं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरशिप होती आणि ऑल इंडिया रेडिओ तर सरकारचाच. देशात मोर्चे निघत होते, गोळीबार होत होते, पण पलीकडच्या जिल्ह्यात काय चाललंय हे अलीकडच्या माणसाला कळायला मार्ग नव्हता.

हा मार्ग मुंबईतल्या काही तरुणांनी काढला. त्यांनी स्वतःचं रेडिओ स्टेशन सुरू केलं. परवाना नाही, ठरलेली इमारत नाही, आणि पकडले गेले तर थेट तुरुंग. या स्टेशनवर पहिली घोषणा करणारा आवाज होता उषा मेहता यांचा. वय फक्त २२.

आज ऑनलाइन दोन क्लिकवर वॉकी-टॉकी घरी येतो. बटण दाबलं की बोलता येतं. पण रेडिओवरून बोलणं म्हणजे नक्की काय, ते कोण ऐकू शकतं, ते पकडलं कसं जातं आणि त्यासाठी परवाना का लागतो, हे समजून घ्यायचं असेल तर उषा मेहतांच्या गोष्टीइतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल.

जजची मुलगी, पण सरकारच्या विरोधात

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० चा. गाव सुरतजवळचं सरस. वडील हरिप्रसाद मेहता ब्रिटिश सरकारच्या न्यायखात्यात जज होते. म्हणजे घरचा पगार सरकारचा. पण लहानपणीच उषाने गांधीजींना पाहिलं, त्यांच्या शिबिरात थोडं सूत कातलं आणि तिथून तिचं पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं ते कायमचं.

१९२८ मध्ये सायमन कमिशनविरोधात निदर्शनं झाली. तेव्हा आठ वर्षांची उषा त्यात होती. वडील सरकारी नोकरीत असल्याने घरून अर्थातच याला फारसं प्रोत्साहन नव्हतं. १९३० मध्ये वडील निवृत्त झाले, १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं आणि ही अडचण सुटली. शाळकरी वयातच ती गुप्त पत्रकं पोचवायची, तुरुंगातल्या कार्यकर्त्यांचे निरोप त्यांच्या घरी नेऊन द्यायची.

एकीकडे अभ्यासही जोरात होता. विल्सन कॉलेजमधून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन ती पदवीधर झाली. पुढे कायद्याचं शिक्षण सुरू केलं. तेवढ्यात १९४२ उजाडलं.

नेते आत, बातम्या बंद

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर भारत छोडो ठराव मंजूर झाला. ९ ऑगस्टच्या पहाटेपासून धरपकड सुरू झाली. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणि कार्यकारिणीचे नेते अहमदनगरच्या किल्ल्यात.

मागे राहिले ते तरुण. सभा घ्यावी तर लाठीमार, पेपर काढावा तर जप्ती. मग लोकांपर्यंत पोचायचं कसं? उषा मेहता, विठ्ठलदास म्हणजेच बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलभाई झवेरी या मंडळींनी ठरवलं, रेडिओ काढायचा. कारण कागद अडवता येतो, हवेतून जाणारी लहर नाक्यावर अडवता येत नाही.

पण रेडिओ काढणं हे पत्रक छापण्याइतकं सोपं नव्हतं. यंत्र हवं, ते चालवणारा माणूस हवा. तांत्रिक बाजू सांभाळायला आले नरिमन प्रिंटर. त्यांना वायरलेसचं चांगलं ज्ञान होतं. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी वायरलेसवाल्यांचे परवाने बंद करून टाकले होते. त्यामुळे हाताशी कौशल्य असलेली, पण कायद्याने गप्प बसवलेली माणसं मुंबईत होतीच. लाऊडस्पीकरच्या धंद्यात नाव असलेल्या शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवानी यांचं नावही या प्रकरणात आलं.

ऑगस्टच्या अखेरीस हे स्टेशन सुरू झालं. नाव ठेवलं काँग्रेस रेडिओ. ४२.३४ मीटरवर, भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून. ठिकाण कोणतं, हे मुद्दामच सांगितलं जायचं नाही.

४२.३४ मीटर म्हणजे काय?

जुन्या रेडिओच्या काचेवर मीटर लिहिलेले असायचे, ते म्हणजे रेडिओ लहरीची लांबी. ४२.३४ मीटरची लहर म्हणजे आजच्या भाषेत साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. हा झाला शॉर्टवेव्हचा पट्टा.

या पट्ट्याची खासियत अशी की लहर सरळ रेषेत जाऊन संपत नाही. ती वर आकाशात जाते, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परत फिरते आणि शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर उतरते. म्हणजे मुंबईतल्या एका खोलीतून बोललेलं घाटापलीकडच्या जिल्ह्यांत ऐकू जाऊ शकतं.

पण याची एक किंमत असते. अँटेना. चांगलं प्रक्षेपण करायचं तर तारेची लांबी साधारण लहरीच्या निम्मी लागते. ४२ मीटरची लहर म्हणजे सुमारे २० मीटर तार. ही काही खिशात लपवायची गोष्ट नाही. ती गच्चीवर किंवा दोन टोकांच्या मध्ये ताणावी लागते आणि शेजाऱ्यांच्या नजरेत येते.

त्याच सुमारास अमेरिकेच्या सैन्यात हातात धरून बोलायचा रेडिओ आला होता. त्याचं नाव एससीआर-५३६. वजन सव्वादोन किलोच्या आसपास आणि अँटेना बाहेर ओढली की संच सुरू. सैनिकाच्या हातात मावणारा, पण जमिनीवर त्याचा पल्ला जेमतेम दीड किलोमीटर. आटोपशीर यंत्र हवं असेल तर पल्ला कमी, आणि देशभर ऐकू जायला हवं असेल तर लांब तार. काँग्रेस रेडिओला दुसराच पर्याय घ्यावा लागला.

स्टेशन रोज कुठून बोलायचं?

काँग्रेस रेडिओचे लोक एका जागी फार काळ थांबत नसत. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मीजवळचा पॅराडाइज बंगला अशा जागा बदलत हे स्टेशन फिरत राहिलं. यंत्र गाठोड्यासारखं बांधायचं, दुसरीकडे न्यायचं, तार ताणायची आणि वेळेवर बोलायला सुरुवात करायची.

आणखी एक हुशारी केली होती. भाषणं आणि बातम्या एका ठिकाणी रेकॉर्ड व्हायच्या आणि प्रक्षेपण दुसऱ्या ठिकाणाहून व्हायचं. त्यामुळे प्रक्षेपणाच्या जागेवर कमीत कमी माणसं लागायची. धाड पडलीच तर सगळे एकदम सापडणार नाहीत, असा हिशोब.

सुरुवातीला दिवसातून दोनदा कार्यक्रम व्हायचा. नंतर फक्त संध्याकाळी, साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. इंग्रजी आणि हिंदुस्थानी अशा दोन भाषांत. सुरुवातीला हिंदोस्ताँ हमारा आणि शेवटी वंदे मातरम. राममनोहर लोहिया, मोइनुद्दीन हॅरिस, कुमी दस्तूर असे लोक यासाठी बोलायचे, लिहायचे. भूमिगत चळवळीतले अच्युत पटवर्धन यांचाही या रेडिओशी संबंध होता. हे पटवर्धन मूळचे अहमदनगरचे. म्हणजे ज्या शहरातल्या किल्ल्यात नेते कोंडले होते, त्याच शहरातला माणूस बाहेर राहून चळवळ चालवत होता.

या रेडिओने दिलेल्या बातम्या महत्त्वाच्या होत्या. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप आणि आपल्या विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरमध्ये काय घडलं ते. १६ ऑगस्ट १९४२ ला वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि त्यानंतर चिमूरच्या लोकांवर, विशेषतः बायकांवर, लष्कर आणि पोलिसांनी अत्याचार केले. वर्तमानपत्रं हे छापू शकत नव्हती. काँग्रेस रेडिओने ते सांगितलं.

पोलिस रेडिओ शोधायचे कसे?

इथे थोडं विज्ञान लागतं, पण सोपं आहे.

रेडिओवरून तुम्ही जेवढा वेळ बोलता, तेवढा वेळ तुमची अँटेना मी इथे आहे असं सगळीकडे ओरडत असते. ऐकणाऱ्याकडे गोल किंवा चौकोनी वळशाची अँटेना असेल आणि ती तो हळूहळू फिरवत राहिला, तर एका विशिष्ट कोनात आवाज एकदम पडतो. त्यावरून लहर कोणत्या रेषेतून येतेय ते कळतं. नकाशावर ती रेघ मारायची. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन पुन्हा तेच करायचं आणि दुसरी रेघ मारायची. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे प्रक्षेपक.

पोलिसांकडे अशी यंत्रं बसवलेल्या गाड्या होत्या आणि त्या मुंबईत काँग्रेस रेडिओच्या मागावर फिरत होत्या. सरकारी यंत्रणा त्याच लहरीवर खरखर सोडून कार्यक्रम बिघडवण्याचाही प्रयत्न करायची. त्यामुळे ऑल इंडिया रेडिओला ही मंडळी अँटी इंडिया रेडिओ म्हणू लागली होती.

या गाड्यांपासून वाचायचे मार्ग तीनच. कमी वेळ बोला, जागा बदला आणि कमी माणसांना सांगा. पहिले दोन नियम यंत्राशी संबंधित होते आणि ते बऱ्यापैकी पाळले गेले. घात झाला तो तिसऱ्या नियमात.

१२ नोव्हेंबर १९४२

त्या दिवशी पोलिसांनी आधी बाबूभाई खाकर यांच्या ऑफिसवर धाड टाकली. उषा मेहता तिथेच होत्या. पोलिस कागद चाळत असताना त्या तिथून निसटल्या आणि थेट रेकॉर्डिंगच्या जागी जाऊन सहकाऱ्यांना सावध केलं.

आता प्रश्न होता, संध्याकाळचा कार्यक्रम करायचा की नाही? पोलिस जवळ आलेत हे कळलं होतं. यंत्र लपवून चार दिवस गप्प बसणं सोपं होतं. पण ठरलं ते उलट. कार्यक्रम होणार.

दरम्यान नरिमन प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले होते. त्यांनी जागा दाखवली. ज्या माणसाला यंत्राचा प्रत्येक स्क्रू माहीत होता, त्यालाच पत्ताही माहीत होता. अडीच महिने फिरणाऱ्या गाड्यांना जे नीट जमलं नाही, ते एका माणसाच्या बोलण्याने झालं.

संध्याकाळी उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी प्रक्षेपण करत होते. शेवटचं वंदे मातरम लागलं होतं तेवढ्यात दारं फोडून पोलिस आत शिरले. अधिकाऱ्याने रेकॉर्ड बंद करायला सांगितलं. दोघांनी नकार दिला. रेडिओ जप्त झाला आणि त्याबरोबर काँग्रेस अधिवेशनांचे फोटो आणि ध्वनिफिती असलेल्या २२ पेट्याही.

चौकशीत एक शब्द नाही

पुढचे सहा महिने सीआयडीची चौकशी चालली. उषा मेहतांना एकट्या कोठडीत ठेवलं. सहकाऱ्यांची नावं सांगितली तर परदेशात शिकायला पाठवू, असं आमिषही दाखवलं गेलं. त्यांनी काहीच सांगितलं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा त्यांनी न्यायाधीशांना एकच गोष्ट विचारली, की प्रश्नांची उत्तरं देणं बंधनकारक आहे का. बंधनकारक नाही असं कळल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. स्वतःला वाचवण्यासाठीसुद्धा नाही.

गंमत बघा. ज्या मुलीवर रेडिओवरून बोलल्याचा आरोप होता, ती कोर्टात बोललीच नाही. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे तिला पक्कं माहीत होतं.

दुसरीकडे नरिमन प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची, उषा मेहतांना चार वर्षांची आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलभाई झवेरी आणि नानक मोटवानी सुटले.

उषा मेहता पुण्याच्या येरवडा तुरुंगात गेल्या. तिथे तब्येत इतकी बिघडली की उपचारासाठी मुंबईच्या जेजे हॉस्पिटलमध्ये आणावं लागलं आणि तिथेही चोवीस तास पहारा. १९४६ मध्ये त्या सुटल्या.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा प्रकृतीमुळे त्या सोहळ्यात फारशा सहभागी होऊ शकल्या नाहीत. राजकारणात जाऊन मंत्रिपद मिळवावं, असंही त्यांनी काही केलं नाही. त्या परत अभ्यासाकडे वळल्या. गांधींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठातून पीएचडी केली. ज्या विल्सन कॉलेजात शिकल्या तिथेच सुमारे ३० वर्षं शिकवलं. पुढे मुंबई विद्यापीठाच्या नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. मुंबईच्या मणिभवनातल्या गांधी संग्रहालयाचं काम त्या शेवटपर्यंत बघत होत्या. खादी आणि साधी राहणी त्यांनी कधी सोडली नाही.

१९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. दरवर्षी ९ ऑगस्टला त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर जायच्या. हेच ते जुनं गवालिया टँक. २००० सालीही ताप असताना गेल्या आणि दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचं निधन झालं. २०२४ मध्ये त्यांच्यावर ऐ वतन मेरे वतन हा चित्रपट आला, ज्यात सारा अली खानने त्यांची भूमिका केली.

आता हातातल्या वॉकी-टॉकीकडे येऊ

१९४२ मध्ये विनापरवाना वायरलेस वापरणं गुन्हा होता. त्यासाठी १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा होता. हे कायदे ब्रिटिश गेल्यावरही कित्येक दशकं आपल्याकडे राहिले. त्यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा केला गेला. पण मूळ तत्त्व तेच आहे, की हवेतल्या लहरी कोणाच्या बापाच्या नाहीत, त्यामुळे त्या कोणी कशा वापरायच्या याला नियम लागतो.

फरक फक्त हेतूत आहे. तेव्हा परकीय सरकारला लोकांचं तोंड बंद करायचं होतं. आज हा नियम आहे कारण तुमच्या संचाने पोलिस, ॲम्ब्युलन्स किंवा विमानाच्या लहरीवर खरखर केली, तर एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

समजा कोल्हारला भगवतीमातेच्या मंदिरात गर्दी आवरायला स्वयंसेवकांना वॉकी-टॉकी घ्यायचेत, किंवा कोणाला शेतातल्या मोटरीपासून घरापर्यंत बोलायचंय. तर काय बघायचं?

पहिलं, लहर कोणती. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी ताकदीचा संच वापरायला वेगळा परवाना लागत नाही. पण संचाला सरकारची उपकरण मंजुरी असायला हवी. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे अनेक संच कुठलीही लहर पकडतात आणि त्यावर बोलूही देतात. ते वापरायला परवाना लागतो. याच गोंधळामुळे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स साइट्सवरच्या वॉकी-टॉकी विक्रीसाठी नियमावली काढली. त्यामुळे खोक्यावर लहर आणि मंजुरी लिहिलेली नसेल, तर घेऊ नका.

दुसरं, अँटेना. ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटिमीटरची असते आणि तिच्या पावपट म्हणजे साधारण १७ सेंटिमीटरची अँटेना पुरते. म्हणूनच तो संच हातात मावतो. पण अँटेना न लावता बोलायचं बटण कधीच दाबू नका. बाहेर जायला वाट नसलेली ऊर्जा परत आत येते आणि संच जळू शकतो. बोलताना संच उभा धरा, तोंडापासून चार बोटं लांब ठेवा आणि अँटेना डोळ्याला किंवा डोक्याला टेकवू नका.

तिसरं, बोलण्याची पद्धत. आधी ऐका, कोणी बोलत नसेल तर बटण दाबा, एक सेकंद थांबा आणि मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. बोलून झालं की बटण सोडा. तुम्ही बटण दाबून ठेवलंत तर त्या चॅनेलवर दुसरं कोणी बोलूच शकत नाही, आणि नेमकी तेव्हाच कोणालातरी मदत हवी असते.

चौथं, बॅटरी. फुगलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. पेट्रोल पंपावर किंवा गॅसचा वास येत असेल तिथे संच वापरू नका आणि बॅटरीही बदलू नका. आकाशात विजा चमकत असतील तर उघड्या माळावर किंवा गच्चीवर अँटेना वर करून उभं राहू नका.

आणि शेवटचं, जे उषा मेहतांच्या गोष्टीतून थेट येतं. साध्या वॉकी-टॉकीवर बोललेलं खासगी नसतं. त्याच चॅनेलवरचा कोणीही ते ऐकू शकतो. प्रायव्हसी कोड नावाचं बटण असतं, पण ते फक्त तुम्हाला दुसऱ्यांचे आवाज ऐकू देत नाही. तुमचा आवाज मात्र बाहेर जातच असतो. त्यामुळे पैसे कुठे ठेवलेत, घरी कोण नाही, लहान मूल कुठे एकटं आहे, असल्या गोष्टी रेडिओवर बोलायच्या नाहीत.

काँग्रेस रेडिओचा आवाज कोणालाही ऐकू यावा हाच उद्देश होता आणि लपवायची होती ती फक्त जागा. उषा मेहतांनी ती जागाही सांगितली नाही आणि माणसंही सांगितली नाहीत. चार वर्षांची शिक्षा त्यांनी पत्करली, पण मौन सोडलं नाही.